तीन बाजारांची गोळी

"उंदरार प्रयोग करतत ना, तसोच तुज्यार करतत ते," गणपत म्हणाला. "फरक इतकोच, उंदराक कोण फोन करून 'बरा आसा काय' म्हणान विचारणा नाय."

"उंदीर निदान जाळी कुरतडतत तरी," सत्यवती म्हणाली. "तुमी चार दिवस त्या एकाच भोकाकडे बसलास."

भांडण सकाळच्या चहापासून चालू होतं आणि आता दहा वाजत आले होते. मालवणजवळच्या सर्जेकोटला त्यांच्या घरापुढच्या खळ्यात ऊन चढत होतं. गणपत माडाला टेकून जाळं शिवत होता, निदान जाळं त्याच्या मांडीवर होतं. सत्यवतीने दोन गोणपाटं अंथरून त्यावर गोलमो, म्हणजे सुका जवळा, ओतला होता आणि त्यातले शिंपल्यांचे तुकडे न् काड्या वेचून बाजूला टाकत होती. पाच मिनिटं वेचायची, उठायची, मांजराला हाकलायची, चुलीतलं लाकूड आत सारायची, परत येऊन बसायची. मे महिना होता. पावसाळ्याच्या बेगमीला गोलमो, सुके बांगडे, सोडे घ्यायला सगळा जिल्हा बाजारात उतरतो तो हा महिना, आणि नेमकी याच दिवसांत ती तीन आठवडे घरी होती.

"त्या दवाखान्यातला प्राजक्ता की कोण, ता चेडू आज कागद घेवन येतला ना?" गणपत म्हणाला. "तेच्यार सही कर. सांग, माका तुमचो अभ्यास नको, औषध पण नको. विषय संपलो."

"आणि हात?"

"हातांचा काय? सहा वर्सां चालवलंस ना त्याच हातांनी?"

मुलगा सर्वेश दारात बुटाचे बंद बांधत होता. मालवणात पर्यटकांना पाण्याखालचे मासे दाखवायला नेणाऱ्या बोटीवर तो कामाला होता आणि आज रविवार म्हणजे गर्दीचा दिवस. तरी तो थांबला. "आये, बाबा म्हणतत ता साफ खोटा नाय. त्या वॉर्डात तुज्या तोंडात पाणी पण जायना. माका ता परत बघूचा नाय."

पडवीतून काशीबाईने आपले दोन्ही हात बाहेर काढून दाखवले. बोटं मुळापासून करंगळीच्या बाजूला कललेली, वाऱ्याने सगळं गवत एका अंगाला झुकावं तशी. "ह्यां बघ. वात तो. आमच्या घराण्यातच आसा. माज्या आवशीक होतो, माका आसा. मी काय गोळ्यो खाल्लंय? आणि मी काय मेलंय?"

"मरूक नाय गो आते," सत्यवती म्हणाली, "पण दहा वर्सां तुजी वेणी मी घालतंय."

काशीबाईने हात पदराखाली घेतले.

काशीबाई तिची सासू आणि सख्खी आते. आपल्या भावाची मुलगी तिने सून करून आणली ती तिचा एक गुण बघून. माहेरी तारकर्लीला सत्यवतीला कुणी बसलेलं पाहिलं नव्हतं. "भावाचा चेडू, पायाक भिंगरी," काशीबाई त्या वेळी सगळ्यांना सांगायची, "आणि माज्या झिलाक बसाची सवय. दोगां मिळान एक धड माणूस होतला." ते बोलणं तिने थट्टेत केलं होतं, पण संसार त्याच हिशेबाने चालला. गणपत काही वर्षं ट्रॉलरवर गेला, कंटाळला, मग जाळी शिवायला लागला. त्याचा हात चांगला होता, फक्त तो फार वेळा जाळ्यावर नसायचा. सत्यवतीने लग्नानंतर वर्षभरात सासूची टोपली उचलली. सोमवारी मालवणचा बाजार, मंगळवारी सावंतवाडीचा, बुधवारी कुडाळचा. पहाटे साडेचारला टेंपो यायचा, त्यात सात-आठ जणी आणि त्यांच्या टोपल्या. उरलेले दिवस मासळी घेणं, खारवणं, वाळवणं, निवडणं. वीस वर्षं असं चाललं.

मग सहा वर्षांमागे, पावसाळा संपता संपता, वाडीत चिकनगुनियाचा ताप आला. घराघरातली माणसं कमरेत वाकून चालत होती, एकमेकांची चाल बघून हसत होती. दिवाळीपर्यंत सगळी सरळ झाली. सत्यवती झाली नाही. तिच्या बोटांची मुळं सुजलेलीच राहिली, मनगटं धरलेलीच राहिली. कुणीतरी म्हणालं, तुझा चिकनगुनिया आत राहिला. हे नाव तिला पटलं आणि घट्ट चिकटलं. पुढे ती ज्या ज्या डॉक्टरकडे गेली, त्यानं तोंड उघडायच्या आत तीच सांगायची, "माका चिकनगुनिया झाललो, तो आत रवलो." आणि तेही तेच लिहून घ्यायचे. एकदा कुणीतरी वाताची रक्ततपासणी करायला लावली, तिच्यात काही निघालं नाही. झालं, गणपतला पुरावा मिळाला. कागदावर काही नाही म्हणजे हातात काही नाही. नंतर घाटावरच्या एका माणसाच्या पुड्या आणल्या. आठ दिवसांत हात मोकळे झाले आणि तीन महिन्यांत तोंड भोपळ्यासारखं सुजलं. पुड्या थांबवल्या तसे हात पहिल्यापेक्षा वाईट झाले.

पहाटे चारला ती उठायची तेव्हा बोटं कुर्लीच्या नांगीसारखी मिटलेली असायची. गरम पाण्यात बुडवून ती थोडी सैल व्हायची. टोपलीवरच्या फडक्याची गाठ रुक्मिणी मारून द्यायची. रुक्मिणी तिच्या शेजारच्या वाडीतली, बाजारातही तिची जागा शेजारीच. हात पूर्ण उघडेपर्यंत नऊ-दहा वाजायचे, आणि तोवर निम्मं गिऱ्हाईक येऊन गेलेलं असायचं. गोलम्याचं माप दोन्ही तळव्यांत धरून ओतताना ती चढ्या आवाजात बोलायची, म्हणजे गिऱ्हाईक तोंडाकडे बघे, हातांकडे नाही.

कुडाळला धर्मादाय दवाखान्यात महिन्यातून एका शनिवारी कोल्हापूरहून सांध्यांचे डॉक्टर येतात, हे रुक्मिणीनेच तिला सांगितलं. आख्ख्या जिल्ह्यात तसा डॉक्टर दुसरा नव्हता. मार्चमधल्या एका शनिवारी ती गेली आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं, "चिकनगुनिया झाललो, तो आत रवलो." डॉक्टरांनी ते लिहिलं नाही. त्यांनी तिचं एकेक बोट मुळाशी दाबलं आणि विचारलं, "सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?"

सहा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. "टेंपो सावंतवाडीत पोचेपर्यंत," ती म्हणाली. मग त्यांचा चेहरा बघून, "आणि वर दोन तास."

त्यांनी तिच्या हाताला गार लोण्यासारखं काहीतरी लावून त्यावरून यंत्राची डबी फिरवली आणि पडद्यावर दाखवलं. सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज होती. हा संधिवात आहे, ते म्हणाले, शरीराचं रक्षण करणारीच यंत्रणा सांध्यांवर उलटते. रक्तात खूण सापडली नाही म्हणून आजार नाही असं होत नाही, बऱ्याच जणांच्या रक्तात ती नसतेच. सुरुवातीच्या काही महिन्यांतच औषध चालू झालं तर सांधे वाचण्याची आशा जास्त असते. उशिरा आलेल्यांनाही उपयोग होतो, पण जे वाकडं झालं ते सरळ होत नाही. तिचं अजून फारसं वाकडं झालं नव्हतं. "अजून" हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

बाहेरच्या टेबलावर प्राजक्ता बसली होती. धामापूरच्या शेतकऱ्याची मुलगी, नर्सचं शिकलेली, आता या अभ्यासाच्या कामावर. सांध्यांचे डॉक्टर जिथं नाहीत अशा ठिकाणी, महिन्याची एक भेट, मधल्या काळात नर्सचा फोन आणि जवळच्या जवळ रक्ततपासणी एवढ्यावर रोग्यांना नीट सांभाळता येतं का, हे त्यांना बघायचं होतं. तिनं फॉर्म भरायला घेतला. दुखणं सुरू झाल्यापासून इथं येईपर्यंत किती महिने? दोघींनी मिळून बोटांवर मोजले. सत्त्याहत्तर. प्राजक्ताने आकडा लिहिला आणि क्षणभर पेन तसंच धरलं. पुढचा प्रश्न, रक्ताच्या नात्यात कुणाला असं दुखणं आहे? सत्यवतीने आठवून बघितलं. आईला नव्हतं. बाप तिशीतच समुद्रात गेला. आतेची बोटं डोळ्यांसमोर आली, पण आते म्हणजे सासू, आणि सासूबद्दल कुणी विचारलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. फॉर्म भरताना ती शुद्ध बोलायची.

मग प्राजक्ताने डबी दिली. तेरा आठवड्यांच्या सव्वीस पिवळ्या गोळ्या, एका वेळी दोन. "ही रोजची गोळी नाही हं ताई. आठवड्याची आहे. सोपं लक्षात ठेवा, आठवडा बाजाराच्या दिवशी घ्यायची. जेवणानंतर. बाजार काही कुणी विसरत नाही." हातात एक छापील कागदही दिला. त्यावर गोळीचं चित्र आणि शेजारी टोपलीचं चित्र होतं.

खरंच, बाजार कुणी विसरत नाही. सत्यवतीचे आठवडा बाजार तीन होते.

सोमवारी मालवणात, मंगळवारी सावंतवाडीत, बुधवारी कुडाळात, दुपारी ताडपत्रीच्या सावलीत भाकरी खाऊन झाली की ती कमरेच्या पिशवीतून डबी काढायची. एकही बाजार तिने चुकवला नाही. दोन आठवड्यांनी प्राजक्ताचा फोन आला. "गोळी वेळेवर घेताय ना ताई?"

"होय. बाजाराच्या दिवशी. एकपण चुकूक नाय."

"शाब्बास."

आणि हात उघडले. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे तिने फडक्याची गाठ स्वतः मारली आणि रुक्मिणीकडे बघितलं. रुक्मिणी म्हणाली, "आता माजी पण मार." घरी आल्यावर तिने नारळ फोडला, आतेची वेणी घातली, खिडकीच्या गजांवरची दोन वर्षांची धूळ पुसली, गणपत ज्या चटईवर बसला होता ती उपसून झटकली. तो म्हणाला, "ह्या औषधान माका त्रास होवक लागलो."

मग तिचं तोंड आलं. आधी एक फोड, मग ओठांच्या आत सगळीकडे. उष्ण पडलं असेल, खारवलेल्या मासळीत हात असतात, असं म्हणून तिने आमसुलाचं पाणी घेतलं आणि डोळ्यांतून धारा लागल्या. बाजारात ती बोलेना. गणपतने पहिले दोन दिवस त्यावर विनोद केले, तिसऱ्या दिवशी त्याने तिला पेज पाजायचा प्रयत्न केला, ती दोन चमच्यांवर गेली नाही.

दुसरा फोन आला तेव्हा ती पडवीत आडवी होती. प्राजक्ता ठरलेला प्रश्न विचारत होती. "डबीत किती गोळ्या उरल्यात ताई?"

"संपल्यो. नव्यो कदी देतास?"

मग प्राजक्ताचा आवाज आला आणि तो दवाखान्यातला नव्हता. "ताई, बाजार म्हणजे खंयचो बाजार?"

"खंयचो म्हणजे? मालवण, सावंतवाडी, कुडाळ."

"घराकडे कोण आसा? गाडी मिळतली? आत्ता निघा. कपडे-बिपडे काय घेव नकात."

पाच दिवस ती सरकारी इस्पितळात होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या होत्या. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोनवरून तिथल्या डॉक्टरांशी बोलून उताऱ्याची इंजेक्शनं चालू करवली. सर्वेश खाली चटईवर झोपत होता. चौथ्या दिवशी ती उठून शेजारच्या खाटेवरची चादर नीट करायला लागली तेव्हा नर्स तिच्यावर ओरडली आणि सर्वेश भिंतीकडे तोंड करून रडला. तो घाबरलेला आहे हे तिला माहीत होतं. गणपतही घाबरला होता. तो घाबरला की लोकांना शिव्या देतो.

तीन आठवडे औषध नव्हतं. पहिला आठवडा हात चांगले राहिले. दुसऱ्यात सकाळी जड वाटायला लागले. आज पहाटे चारला ती सवयीने उठली, बोटं मिटलेली होती, आणि चहाचा कप तिने पुन्हा दोन तळव्यांत धरला.

आता प्रश्न असा होता. काल प्राजक्ताचा फोन आला होता. रक्त ठीक झालंय, डॉक्टर म्हणतात कमी मात्रेने पुन्हा चालू करू, आठवड्याला एकच गोळी. पण या खेपेला दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी कुडाळला रक्त द्यायला लागेल, पहिलं याच मंगळवारी. नाहीतर अभ्यासातून बाहेर पडायचं असेल तर तसाही कागद आहे, त्यावर सही करा, कुणी काही म्हणणार नाही.

मंगळवार म्हणजे सावंतवाडी. तिथल्या सुक्या मासळीच्या रांगेत एक रीत आहे. जागा माणसाची नसते, घराची असते. घरचं कुणीही बसलं तरी जागा राहते. पण सलग तीन बाजार रिकामी राहिली तर चौथ्याला जो येऊन टोपली ठेवेल त्याची. तीन मंगळवार झाले होते. रुक्मिणीने तिथं आपली एक रिकामी पाटी ठेवून वेळ मारून नेली होती, परवा तिनेही सांगितलं, "आता माका भांडूक जमाचा नाय गो." दोघी जणी त्या जागेवर डोळा ठेवून होत्या.

म्हणून गणपतचं म्हणणं सोपं होतं. रक्त नको, गोळी नको, मंगळवारी बाजाराला जा. सहा वर्षं जमलं तसं अजून जमेल.

"आणि चूक कोणाची?" तो आता नव्याने सुरू झाला. "त्या चेडवान सांगल्यान एक आणि तू ऐकलंस दुसरा. शिकल्याल्या माणसांचा ह्या असा."

"मी चुकूक नाय," सत्यवती म्हणाली. तीन आठवडे ती हेच म्हणत होती. "तिना सांगल्यान तसाच केलंय. आठवडा बाजार म्हणाली. माजे तीन आसत."

"मगे तिचा चुकला."

"तिचा चुकला म्हणान मी हात टाकू काय?"

स्कूटर थांबल्याचा आवाज आला. प्राजक्ता हेल्मेट काढत आत आली, घामाघूम, छातीशी फाइल. गणपतने जाळं बाजूला केलं, शर्टाचं बटण लावलं आणि सकाळपासून तयार केलेला राग ऐन वेळी शुद्ध मराठीत अडकला. "या, बसा मॅडम. आम्ही असा निर्णय घेतलेला आहे की..."

"आधी मी बोलू काय, काका?" प्राजक्ता म्हणाली. ती बसली नाही. सत्यवतीकडे वळली. "ताई, तुमी बरोबर केलास. माजा वाक्य चुकला. मी धामापूरची. आमका बाजार म्हणजे बुधवारचो कुडाळचो, एकच. आमी घेवक जातंव. विकणाऱ्याक किती बाजार आसतत ह्या माज्या मनातच येवक नाय. ता वाक्य मी सगळ्यांका सांगी होतंय. आता सगळ्या कागदांवरना काढलंव. वार लिवतंव."

"अजून कोणाक झाला?" सत्यवतीने विचारलं.

"नाय. बाकीचे सगळे घेणारे. विकणारी तुमी एकटीच."

गणपतने शर्टाचं बटण पुन्हा काढलं. त्याने तयार केलेल्या वाक्यात ती माफी मागेल अशी सोय नव्हती.

काशीबाई पाणी घेऊन आली. तांब्या तिने दोन्ही मनगटांत धरला होता, पेला ताटलीत ठेवून आणला होता. प्राजक्ताने पेला घेतला आणि प्यायला विसरली. "आजी, हात बघू?"

"वात तो," काशीबाई म्हणाली. "आमच्या घराण्यात आसा."

"म्हणजे खंयच्या घराण्यात? सासरच्या?"

"सासरच्या कित्याक? माज्या माहेरच्या. माज्या आवशीची पण अशीच बोटां होती."

"ताई, ह्यो तुमच्यो सासू ना?"

"सासू," सत्यवती म्हणाली. "आणि आते. माज्या बापसाची भैण." बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं. "तुमी रक्ताचा विचारलास. सासूचा विचारूक नाय."

प्राजक्ताने पायरीवर बसून फाइल उघडली. एक रकाना खोडला, दुसऱ्यात काहीतरी लिहिलं. काशीबाई वाकून बघत होती, तिला वाचता येत नव्हतं तरी. "काय लिवतंस?"

"तुमचा नाव लिवतंय आजी. कदीपासून आसा ह्या?"

"गणपत शाळेत जाय होतो. सावंतवाडेची जागा माजीच ती, माज्या सासूची. माप धरूक येयना झाला तेवा ह्या चेडवाक दिलंय." तिने हात उलटे केले, सुलटे केले. "म्हणजे ह्यो वात नाय?"

"ता डॉक्टर सांगतले. बघितल्याशिवाय कसा सांगू?"

"ह्येच्यार औषध होता?"

प्राजक्ताने पेल्यातलं पाणी सगळं पिऊन टाकलं. "आता आसा. तेवा काय होता ता माका म्हायत नाय आजी."

काशीबाई तांब्या घेऊन आत गेली.

सत्यवती उठली. गोणपाटाची एक बाजू उचलून गोलमो मधोमध केला, परत पसरला. माडापर्यंत गेली, परत आली. सर्वेशला उशीर होत होता, तो तरी जाईना. "रक्त बुधवारी घेतलास तर चलात?" तिने विचारलं. "बुधवारी मी कुडाळातच आसतंय."

"नाय ना ताई. नमुन्यांची गाडी मंगळवारी दहाक कोल्हापुराक जाता. आठवड्यातना एकदाच." मग पुन्हा म्हणाली, "एकदाच म्हणजे एकदाच."

"बघ," गणपत म्हणाला, "मंगळवार, देवीचो वार. समाजला काय? मंगळवारी जागा जाता. देवी पण सांगता सोड म्हणान."

"देवीन तुमका फोन केल्यान?"

प्राजक्ताने दोन कागद पायरीवर शेजारी शेजारी ठेवले आणि उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला. कुठला कुठला आहे ते सांगितलं. तिने आग्रह केला नाही, फक्त म्हणाली की बाहेर पडलात तरी डॉक्टर बघतीलच, पण गोळ्या आणि रक्त मग तुमचं तुम्हाला बघावं लागेल, आणि मीही फोन करणार नाही. हे शेवटचं तिने जरा घाईने सांगितलं.

सत्यवतीने पेन घेतलं. चिमटीत धरता येईना म्हणून मुठीत धरलं. तिने डावीकडच्या कागदावर सही केली, हळूहळू, सगळी अक्षरं, सत्यवती गणपत खवणेकर, आणि दगड दुसऱ्या कागदावर परत ठेवला.

गणपत वाकून बघायला गेला, मग सरळ झाला. "अभ्यासात रवलंस," तो म्हणाला. "रव. जागा गेली काय माका सांगू नकोस."

प्राजक्ता गोळीची नवीन डबी देऊन गेली. डबीवर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, फक्त बुधवार. खाली टोपली नव्हती.

दुपारी सगळे जेवायला बसले. सर्वेशने बोटीवर फोन करून सांगितलं होतं की तो दुसऱ्या फेरीला येईल. भात, सुक्या बांगड्याची कडी, तोंडी लावायला भाजलेला गोलमो. सत्यवती वाढत होती, डाव धरताना मनगट जरा वर घेत होती. काशीबाई बाहेरच्या अंगाला बसली होती. गणपतने दुसऱ्यांदा भात मागितला. सत्यवतीने तो वाढला आणि मग उभ्यानेच सांगितलं.

"उद्या मालवणाक मी जातंय. बुधवारी कुडाळाक मी जातंय, गोळी पण बुधवारी. मंगळवारी रक्त देवक जातलंय. आते माज्यावांगडा येतली, प्राजक्तान सांगल्यान, तिचा पण रक्त घेवचा आसा."

काशीबाईने ताटातून वर पाहिलं नाही. नाही पण म्हणाली नाही.

"आणि सावंतवाडी?" गणपतने विचारलं.

"तुमी बसतलास."

सर्वेश खाली मान घालून भात कालवायला लागला. गणपतने घास ताटात परत ठेवला. "मी? बायकांच्या त्या रांगेत?"

"जागा घराची आसा. घरचा माणूस व्हया. बसाक तर तुमका येता."

"लोक काय म्हणतले?"

"गोलमो कसो दिलास म्हणतले." तिने कडीचं भांडं उचलून चुलीशी नेलं. "माप मोठ्या टोपलेत आसा. भाव रुक्मिणी सांगतली. टेंपो साडेचाराक येता, तेच्या आधी उठा."